हापसे, दाणे आणि तिसरं वर्ष : प्रकल्प नोंदी, इंदूर–धार, २०२५

१२ जानेवारी, रविवार

इंदूरच्या रामबागेत बैठक झाली, काम सुरू. गाव धार जिल्ह्यातलं, टेकड्यांवर विखुरलेल्या फळियांचं, म्हणजे वस्त्यांचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे या वहीत घराघरांतली दुखणी येणार. आम्ही संस्थेतले तिघं, इंजिनिअरिंग कॉलेजची पाच पोरं आणि रसायनशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या दोघी.

प्रश्न फ्लोराइडचा. जुन्या खडकांतल्या खनिजांतून ते जमिनीखालच्या पाण्यात उतरतं. पाणी जितका काळ खडकात राहील तितकं जास्त, म्हणून खोल बोअरचं पाणी उथळ विहिरीपेक्षा बहुधा वाईट. भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५. पाण्याला रंग नाही, वास नाही. उकळून काही होत नाही, पाणी आटल्यामुळे प्रमाण उलट वाढतं. पक्के दात तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, हे पाणी पोटात गेलं की दातांवर आधी पांढरे, मग तपकिरी पट्टे उमटतात आणि जन्मभर राहतात. प्रमाण जास्त आणि वर्षं जास्त झाली की सांधे आणि पाठीचा कणा ताठरतो. भारतात हा आजार पहिल्यांदा १९३७ मध्ये नेल्लोर भागात ओळखला गेला. आज केनिया, टांझानिया, इथिओपियातली गावं याच प्रश्नाशी झगडतायत.

गावच्या शाळेच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली एक मोठा फिल्टर आहे. उंच टाकी, दर्शनी फलक, फलकावर उद्घाटनाची तारीख. कुणी बसवला ते लिहून काही साधणार नाही. आतले फ्लोराइड धरून ठेवणारे ॲल्युमिनाचे दाणे कधीच भरून गेलेत, ते धुवायला नंतर कुणी फिरकलं नाही. पण तोटी सोडली की पाणी येतं, स्वच्छ आणि गार. फिल्टर चालू आहे असंच सगळे समजतात. मुलं मधल्या सुट्टीत त्याच तोटीला तोंड लावतात. तो सरळ बंद पडला असता तर निदान कुणी चौकशी तरी केली असती.

त्या शेडखाली उभं राहून आम्ही एकच नियम ठरवला. कुठलीही वस्तू बसवण्याआधी, तिसऱ्या वर्षी ती कोण सांभाळणार आणि त्याचे पैसे कुठून येणार, हे कागदावर आलं पाहिजे. आलं नाही तर वस्तू बसवायची नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

गंगवाल स्टँडवरून पहाटेची धारची बस, पुढे जीप.

गावातली एक ताई आम्हाला आधीपासून हवी होती. जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट चालवायला शिकवतात, त्यांतली ही एक. नववी शिकलेली. तिची पेटी ट्रंकेत, ओढणीत गुंडाळून ठेवलेली होती. प्रशिक्षणानंतर तिला कुणी आकडे मागितले नव्हते, तरी दोन्ही हापसे आणि शाळेची तोटी तिने स्वतःहून तपासली होती. निकाल मुलाच्या चित्रकलेच्या वहीत मागच्या पानावर होते.

चाचणी तिनेच करून दाखवली. नळी आधी त्याच पाण्याने विसळली, खुणेपर्यंत भरली, डोळ्यांच्या रेषेत धरून एक थेंब कमी केला. मग रसायनाचे थेंब मोजून टाकले. पाण्यात फ्लोराइड नसेल तर गुलाबी रंग टिकतो, असेल तसा तो पिवळ्याकडे झुकतो. मारुतीच्या ओट्याजवळच्या हापशाचं पाणी बघता बघता पिवळं झालं. तक्त्यावरच्या दीडच्या चौकोनाशी जुळवायची गरजच उरली नाही. शाळेच्या फिल्टरचंही तेच. नाल्याकाठच्या जुन्या विहिरीचं मात्र गुलाबी राहिलं. तिने तीच चाचणी पुन्हा केली. पुन्हा गुलाबी.

आमच्यातला एकजण आनंदाने म्हणाला, "मग विहिरीचं पाणी प्या की!" तिथे बसलेल्या एका आजोबांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. पोटरीवर जुना व्रण होता. नारूचा, म्हणजे पायातून बाहेर येणाऱ्या लांब किड्याचा. तरुणपणी काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढलेला. हा सगळा पट्टा नारूचा होता. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून लोक पाणी भरायचे आणि तो किडा पाण्यातून पोटात जायचा. सरकारने पायऱ्या बंद केल्या, हापसे दिले, गावोगाव कार्यकर्ते पाठवले. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. आजोबांच्या पिढीला हापशाने पायांवर उभं केलंय. त्यांच्या नातवंडांचे दात त्याच हापशाच्या पाण्याने पिवळे पडतायत. एका पिढीचा उपाय दुसऱ्या पिढीचा त्रास झाला, पण त्या वेळच्या माणसांनी जे केलं ते योग्यच होतं. त्यांच्याकडे फ्लोराइडचं किट नव्हतं.

म्हणून विहिरीकडे परत जायचं तर उघड्या विहिरीकडे जाता येणार नाही. कठडा, झाकण, वर हापसा आणि क्लोरीन, एवढं झाल्यावरच.

१६ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी पोरांशी लांबलेली चर्चा. त्यांना तरुण संशोधकांच्या एका स्पर्धेत अर्ज करायचाय आणि अर्जातला पहिलाच प्रश्न आहे : तुमच्या कल्पनेत नवीन काय? पोरं त्या प्रश्नावर अडून बसली होती. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, दक्षिण आफ्रिकेतल्या प्लेपंपची. मुलांनी गोल फिरत्या चक्रावर खेळायचं आणि खेळता खेळता पाणी टाकीत चढायचं. २००० मध्ये जागतिक बँकेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे ठरले. पुढे कुणीतरी साधा हिशेब मांडला : एका पंपावर २,५०० माणसांना पाणी द्यायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. कित्येक ठिकाणी चांगला हापसा उपटून तिथे हे चक्र बसवलं गेलं होतं. मुलं शाळेत गेली की बायका ते लोखंडी चक्र वाकून हाताने फिरवायच्या. कल्पना मांडणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण पाणी भरणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही.

दुसरी, रायन ह्रेलजॅकची. कॅनडातला सहा वर्षांचा मुलगा. १९९८ मध्ये वर्गात ऐकलं की आफ्रिकेत मुलांना प्यायला पाणी नाही. घरातली कामं करून त्याने ७० डॉलर जमवले. तेवढ्यात फक्त हातपंप येतो, बोअर खणायला २,००० लागतील असं कळल्यावर तो आणखी कामं करत राहिला. १९९९ मध्ये उत्तर युगांडातल्या अँगोलो प्राथमिक शाळेत बोअर झाली, २००१ मध्ये त्याच्या नावाची संस्था उभी राहिली. त्याने काहीही शोधून काढलं नव्हतं. तो थांबला नाही आणि एका विहिरीवर समाधानही मानलं नाही.

तिसरी, बांगलादेशातल्या आर्सेनिकची. तिथे कॉलरा-जुलाबाला आवर घालायला लाखो कूपनलिका खणल्या गेल्या आणि त्याच पाण्यातून विष आलं. अबुल हुस्साम या रसायनशास्त्रज्ञाने भावाबरोबर सोनो नावाचा फिल्टर केला. लोखंडाचा कीस, वाळू, कोळसा, विटांचे तुकडे, दोन बादल्या. २००७ मध्ये त्याला दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं आणि त्यातला मोठा वाटा त्याने फिल्टर वाटण्यात घातला. सामान तिथल्याच बाजारातलं, म्हणून दुरुस्तीही तिथेच.

एका पोराने विचारलं, "मग आम्ही नवीन काही करायचंच नाही का?" करायचं, जरूर करायचं. चौदा वर्षांच्या दीपिका कुरूपने २०१२ मध्ये सूर्यप्रकाशाने पाणी शुद्ध करायची पद्धत मांडून अमेरिकेतली मोठी बालवैज्ञानिक स्पर्धा जिंकली, ती भारतात आजोळी आल्यावर मुलांना घाण पाणी भरताना पाहिल्यामुळेच. जग बघून अस्वस्थ होणं तरुणांनाच जमतं. आम्ही मोठी माणसं सवयीने पुढे निघून जातो. माझं म्हणणं एवढंच की अर्जातल्या त्या प्रश्नाखाली आपण आणखी एक प्रश्न लिहावा : तिसऱ्या वर्षी हे कोण चालवेल? आणि त्याचं उत्तर शोधण्यात पहिल्या प्रश्नाइतकीच बुद्धी खर्च करावी.

रात्री उशिरा त्यांचा निरोप आला. अर्जाचा विषय बदललाय. यंत्राऐवजी दाणे धुण्याची गावातली व्यवस्था.

९ मार्च, रविवार

एमएस्सीच्या दोघींनी महिनाभर ॲल्युमिनाच्या नळकांड्या चालवल्या. इंदूरच्या नळाच्या पाण्यात, म्हणजे नर्मदेच्या पाण्यात, मोजून फ्लोराइड मिसळलं तर दाणे छान काम करतात. गावाहून कॅनमध्ये भरून आणलेल्या पाण्यावर तेच दाणे लवकर थकतात. कारण त्या दोघींना आधीपासून वाटत होतं तेच निघालं. ॲल्युमिना साडेपाच-सहा पीएचला, म्हणजे किंचित आम्लधर्मी पाण्यात, सगळ्यात जास्त फ्लोराइड धरतं. गावचं पाणी अल्कधर्मी आहे, त्यात बायकार्बोनेटही बरंच. ते दाण्यांवरची जागा अडवतं.

म्हणून पिशवीवर छापलेली क्षमता इथे धरायची नाही. किती लिटरनंतर दाणे धुवायचे ते गावच्या पाण्यावरच ठरेल, आणि प्रत्येक हापशाचा आकडा वेगळा असेल.

नालगोंडा पद्धतीचाही विचार झाला. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेची, सत्तरच्या दशकातली. तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, ढवळायचं, निवळू द्यायचं. स्वस्त आहे, पण रोज मोजून घालावं लागतं आणि रोजचा गाळ उरतो. ज्या घरात बाई पहाटे चारला मजुरीला निघते, तिथे हे रोज होणार नाही. केनियात नाकुरू इथे हाडांच्या कोळशाचे फिल्टर चांगले चालले, पण आपल्याकडे ते माजघरात जाणार नाहीत. तो विषय तिथेच संपवला.

घरगुती फिल्टर ठरला. दोन बादल्या, वरच्या बादलीत जाळीच्या पिशवीत साधारण तीन किलो दाणे, तळाला बारीक भोक. भोक मुद्दाम बारीक, म्हणजे पाणी दाण्यांत पुरेसा वेळ थांबतं. सगळं सामान इंदूरच्या सियागंज बाजारात मिळालं, धारलाही मिळेल.

२३ मार्च, रविवार

हापशांना रंग द्यायचा का, यावर गावात बैठक. बांगलादेशात या शतकाच्या सुरुवातीला सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासून सुरक्षित त्या हिरव्या, धोक्याच्या त्या लाल रंगवल्या. फक्त रंग बघून कितीतरी घरांनी शेजारच्या हिरव्या पंपावरून पाणी आणायला सुरुवात केली. इतका स्वस्त उपाय दुसरा नसेल. पण नवे पंप पडत गेले, पुन्हा तपासणी वर्षानुवर्षं झाली नाही आणि रंगांचा अर्थ पुसट होत गेला.

आमच्या बैठकीत एक काकी म्हणाल्या, "लाल केलात तर आमच्या फळियातल्या पोरींना स्थळं येणार नाहीत." त्यांचं बोलणं कुणी हसण्यावारी नेलं नाही. शेवटी ठरलं की हापशाला रंग न देता ओट्यावर पाटी लावायची, पाणी पिण्याजोगं असेल तर भांड्याचं चित्र, नसेल तर गुरांचं चित्र. आणि पाटीखाली तपासणीची तारीख, खडूने, दर तीन महिन्यांनी बदलायची. तारीख जुनी दिसली की कुणीही ताईला विचारू शकेल. गुरांच्या चित्रावर एमएस्सीच्या मुलीने हरकत घेतली : हे पाणी गुरांनाही बाधतं, त्यांचेही दात झिजतात. मग गुरांच्या जागी कपड्यांचं चित्र आलं.

१३ एप्रिल, रविवार

पंचायतीचा हापसा-मिस्त्री दिवसभर आमच्याबरोबर होता. ओट्याजवळच्या हापशाचं डोकं उघडून त्याने साखळी दाखवली, ग्रीस कुठे लावायचं ते दाखवलं. झिजलेलं वायसर माझ्या तळहातावर ठेवलं : एका कडेने कागदासारखं पातळ झालेलं. एवढ्याशा तुकड्यासाठी पन्नास-साठ घरं पाण्यावाचून बसतात. आणि तो बदलायचा तर खालचे सगळे पाइप वर ओढायचे, त्याला चार-पाच माणसं आणि सामानाची गाडी लागते.

पोरांना हापसा म्हणजे जुनाट वस्तू वाटत होती. त्यांना त्याचा इतिहास सांगितला, कारण तो आपल्या मुलखातला आहे. पूर्वीचे बिडाचे पंप परदेशी घरगुती पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबापुरते. सबंध गावाने ते दिवसभर चालवले की काही आठवड्यांतच मोडायचे. जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमधल्या लोकांनी पंप पोलादाचा करून सुधारला. सोलापूरला ऑस्कर कार्लसन यांनी तो आणखी भक्कम केला. सत्तरच्या दशकात युनिसेफ, चेन्नईची मेराडो ही संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा कारखाना यांनी त्यावरून इंडिया मार्क टू तयार केला. त्याच्या रचनेवर कुणाची मालकी ठेवली नाही, कुणीही बनवावा. तो आफ्रिकेत, आशियात लाखोंनी गेला. युगांडातल्या कित्येक बायका आज जो दांडा दाबतात, त्याची मुळं जालना-सोलापुरात आहेत. मला याचा मनापासून अभिमान वाटतो आणि तो प्रत्येक मराठी मुलाला वाटावा असं वाटतं.

पुढे मार्क थ्री आला तो दुरुस्तीच्याच विचारातून. पाणी वर आणणारा पाइप रुंद केला, म्हणजे आतला दट्ट्या पाइप न उपसता बाहेर काढता येतो. सुधारणा कुठे करायची हे ज्याने ठरवलं, त्याने मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून पाहिलं असणार.

राजस्थानात तिलोनियाला १९७२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने गावातल्याच कमी शिकलेल्या तरुणांना हापसा-मिस्त्री केलं. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात बायका मिस्त्री झाल्या. आमच्या ताईने हे ऐकून घेतलं आणि मिस्त्रीकडून पाना मागून घेतला.

११ मे, रविवार

विहीर आटत आलीय, तळाशी गढूळ पाणी. मे-जूनमध्ये सगळा भार हापशांवर, म्हणजे फिल्टरांवर येणार. सध्या पंधरा घरांत फिल्टर आहेत. आणखी मागणी आहे, पण जितक्यांचे दाणे ताई धुवू शकेल तितकेच.

३१ मे, शनिवार

अहिल्याबाईंची त्रिशताब्दी. राजवाड्यासमोर फुलांची आरास, गर्दी, मिरवणुका. आम्ही संध्याकाळी जाऊन आलो.

आमच्या कामाच्या दृष्टीने एक गोष्ट मला आज पुन्हा महत्त्वाची वाटली. घाट, विहिरी, बारव, धर्मशाळा बाईंनी देशभर बांधल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो खर्च त्यांनी राज्याच्या तिजोरीतून न करता खासगीच्या उत्पन्नातून केला आणि अनेक ठिकाणी वर्षासनं लावून दिली. बांधकामाबरोबर पुढच्या खर्चाची तजवीज. अडीचशे वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचलं, त्यांच्या गावात आम्ही राहतो.

२२ जून, रविवार

पाऊस आला. ज्या चार घरांवर पत्रे आहेत तिथे पन्हळी लावून टाक्या भरल्या. कौलांच्या घरांना सध्या नाही. पहिला पाऊस वाहू द्यायचा, छप्पर धुतलं की मग टाकीचं तोंड उघडायचं. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळपास नसतंच. विहिरीला कठडा झालाय, झाकण व्हायचंय.

१३ जुलै, रविवार

आज ताईने आणि तिच्या जावेने दाणे स्वतः धुतले. आम्ही ओसरीच्या कडेला बसून होतो, हात लावायचा नाही असं ठरवून.

काम नाजूक आहे. दाण्यांची पिशवी आधी कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात सात-आठ तास बुडवायची, म्हणजे धरलेलं फ्लोराइड सुटतं. मग भरपूर पाण्याने धुवायचं. मग गंधकाम्लाच्या अतिपातळ द्रावणात तितकाच वेळ, मग पुन्हा धुवायचं, पट्टीवर पीएच सातच्या आसपास येईपर्यंत. काल रात्री ताईने कॉस्टिक विरघळवलं तेव्हा बादली बाहेरून गरम झाली, तशी तिने जावेचा हात मागे ओढला. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, मुलं अंगणाबाहेर. आम्ल पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हे तिने ओसरीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलंय.

धुतलेलं पाणी कुठेही सोडायचं नाही, सगळं फ्लोराइड त्यातच आहे. दोन्ही धुण्यांचं पाणी एका पिंपात एकत्र केलं, त्यात चुन्याची निवळी घातली. पांढरा गाळ हळूहळू तळाशी बसला. तो वाळवून सिमेंटच्या छोट्या हौदात झाकून ठेवायचा, विहिरीपासून लांब.

दुपारी पहिलं पाणी गाळून तिने चाचणी केली. गुलाबी. तिने नळी खाली ठेवली, वहीत तारीख लिहिली आणि हापशाच्या कच्च्या पाण्याची चाचणीही करून बघितली, रसायन जुनं झालं नाही ना याची खात्री करायला. ते पिवळं झालं, तेव्हाच तिने वही मिटली. ही खबरदारी आम्ही तिला शिकवलेली नव्हती.

मग तिने विचारलं, "दीदी, आम्ल तुम्ही इंदूरहून आणता. तुम्ही नाही आलात तर?"

२०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आम्ल सुट्टं मिळत नाही, ओळखपत्र आणि नोंद लागते. ते योग्यच आहे. पण मग साखळीतली ही कडी इंदुरात अडकून राहते. ठरलं असं : ताईच्या बचत गटाच्या नावाने पंचायतीचं पत्र, धारच्या परवानाधारक दुकानात खातं, आणि आम्ल पातळ करून फक्त कुलपाच्या पेटीत.

१० ऑगस्ट, रविवार

मदत देणाऱ्या एका संस्थेशी बोलणं झालं. त्यांना पुढच्या वर्षी शंभर नवे फिल्टर द्यायचे आहेत, फलकासह. दाण्यांचा खर्च, किटचं रसायन आणि ताईचं मानधन त्यांच्या नियमात बसत नाही. मी बराच वेळ समजावलं. शाळेतल्या त्या टाकीचा फोटो पाठवला. उत्तर नम्र होतं, पण तेच होतं.

मला याचा त्रास होतो आणि तो लपवावासा वाटत नाही. आफ्रिकेत दर तीन-चार हापशांमागे एक बंद असल्याचे अंदाज वर्षानुवर्षं छापले जातायत. तरी नव्या वस्तूला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. जो माणूस वस्तू बसवतो त्याचं नाव फलकावर लागतं. जी बाई ती चालू ठेवते तिला बसभाडंही मागून घ्यावं लागतं.

शंभर फिल्टर घेतले नाहीत.

संध्याकाळी रामबागेतल्या काही निवृत्त मंडळींनी, त्यांत दोन आज्या आहेत, मिळून तीन वर्षांचं मानधन आणि रसायनाचा खर्च उचलायचं कबूल केलं. दाण्यांसाठी फळियातली घरं दरमहा वीस रुपये देणार, ते बचत गटाच्या खात्यात.

सेन्सर लावायची एका पोराची जानेवारीपासूनची इच्छा आहे. त्याला आज केनियाचं उदाहरण वाचायला दिलं. ऑक्सफर्डच्या लोकांनी किटुई भागात हापशाच्या दांड्यात छोटा ट्रान्समीटर बसवला. दांडा हलायचा थांबला की मोबाइलवरून मिस्त्रीला कळतं. दुरुस्तीचा वेळ जवळजवळ महिन्यावरून तीन दिवसांच्या आत आला, कारण निरोप मिळाल्यावर निघायला पगारी मिस्त्री तयार होता. आपल्याकडेही मिस्त्री, वायसर आणि गाडीभाडं ठरलं की सेन्सर लावू. तो आता मिस्त्रीबरोबर फिरून कुठला सुटा भाग किती दिवस टिकतो ते लिहून घेतोय. त्याची ही वही मला कुठल्याही अर्जापेक्षा मोलाची वाटते.

२४ ऑगस्ट, रविवार

आहाराचा विषय मागे पडला होता, तो आज घेतला. शेजारच्या झाबुआत इनरेम फाउंडेशनने पाण्याबरोबर मुलांच्या जेवणाकडेही लक्ष दिलंय. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क जीवनसत्त्व पुरेसं मिळालं तर शरीरात फ्लोराइडचा जोर कमी होतो. उगवून आलेल्या दातांवरचे पट्टे जाणार नाहीत, पण हाडं वाचवता येतात, विशेषतः लहान मुलांची.

पावसात बांधाबांधावर टाकळा माजलाय. इथल्या बायका कोवळ्या पानांची भाजी करतातच, हल्ली पोरांना ती गरिबाची भाजी वाटते म्हणून घरात कमी होते. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी शेंगदाण्याचं कूट घालून केली, पोरांनी पुन्हा मागितली. शेवगा आणि आवळा पुढच्या महिन्यात लावायचा.

मावशींनीच आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली : प्यायला फिल्टरचं पाणी, पण डाळ-भात हापशाच्याच पाण्यात शिजतो. डाळीत मुरलेलं पाणीही पोटातच जातं. शाळेसाठी पाच बादल्यांचा संच लागेल. घरोघरी कोरा चहा सकाळ-दुपार होतो, चहाच्या पानांतही फ्लोराइड असतं. तो बंद करा म्हणायला माझी जीभ उचलली नाही. लहान मुलांना देऊ नका, एवढंच सांगितलं.

१४ सप्टेंबर, रविवार

शाळेच्या जुन्या टाकीतले दाणे आज बाहेर काढले. पंचायत, मुख्याध्यापक आणि ताई, तिघांच्या सह्या घेऊन. ओतल्यावर ताडपत्रीवर करडा ढीग झाला. त्यातले चालतील ते चाळून धुण्यासाठी वेगळे काढले. टाकी घासली, नवे दाणे अर्धेच भरले, कारण एका वेळी तेवढेच ताईच्या पिंपात धुता येतात. तोटीशेजारी तारखेची पाटी लावली.

विहिरीचं झाकण बसलं. वरचा हापसा मार्क थ्री घेतलाय.

स्पर्धेचा निकाल आला, पोरं दुसऱ्या फेरीत आहेत. परीक्षकांनी व्यवस्थेची खर्चाची वही मागवलीय, तीन वर्षांच्या अंदाजासह. ती ताईच्या हस्ताक्षरात आहे, तशीच पाठवायची.

पुढची कामं : किटचं रसायन ऑक्टोबरमध्ये मुदत संपायच्या आत मागवणं. ताईच्या जावेची एकटीने धुण्याची चाचणी. मिस्त्रीबरोबर ताईचं पहिलं पूर्ण हापसा खोलणं, तारीख मिस्त्री कळवेल. शेजारच्या फळियातून दोघी शिकायला यायच्या आहेत. त्यांच्यासाठी हातमोज्यांचे आणखी दोन जोड, लहान मापाचे.